मुले विचारतात, “कशावरून?”

दिवाळीची सुट्टी लागली, की घरात दोन गोष्टी हटकून वाढतात. एक, फराळाच्या डब्यांभोवतीची वर्दळ. आणि दुसरी, मुलांचे प्रश्न. पहिलीवर उपाय आहे. डबे उंच फळीवर ठेवता येतात. दुसरीवर उपाय नाही, आणि तो नसावा असेच माझे मत आहे.

मुलाला पुष्कळ माहिती असली म्हणजे मूल हुशार, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. मग सामान्यज्ञानाची पुस्तके घरात येतात. सर्वांत उंच शिखर कोणते, सर्वांत मोठा ग्रह कोणता, अमक्याचा शोध कोणी लावला, हे सारे मूल पाहुण्यांपुढे घडाघडा म्हणून दाखवते. पाहुणे कौतुक करतात आणि करंजी तोंडात टाकतात. आता तर पुस्तकाचीही गरज उरलेली नाही. हातातल्या मोबाइलला विचारावे, उत्तर हजर! पण त्याच मोबाइलवर खऱ्या माहितीच्या शेजारी खोटी माहितीही तितक्याच ऐटीत येऊन बसते. दोघींचा पोशाख सारखा, बोलणे सारखे. मग मुलाने खरी कोणती आणि खोटी कोणती हे ओळखावे कसे?

त्यासाठी मराठीत एक फार चांगला शब्द आहे, “कशावरून?” माझी पाचवीतली नात हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारते. प्रथम प्रथम त्याने घरातली मोठी माणसे वैतागतात. परंतु एकदा तिच्याबरोबर हिंडावयास लागले, म्हणजे त्याची गोडी कळते. आम्ही राहतो नाशकात. गेल्या काही सुट्ट्यांत तिला आणि शेजारच्या मुलांना घेऊन मी गावात व गावाबाहेर भटकलो, आणि इतिहास, गणित, भूगोल, खगोल हे सगळे विषय रिक्षाच्या अंतरावर मांडून ठेवलेले आहेत असे आढळले. त्यांतले थोडेसे येथे सांगतो.

पांडव कोठे गेले?

मुंबई रस्त्यालगत त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी आहेत. लहान मुलाला तेथे नेले, की पहिला प्रश्न ठरलेला. “येथे पांडव राहत होते का?”

“नाही,” असे उत्तर दिले की लगेच, “कशावरून?”

उत्तर भिंतीवरच आहे. ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत, आणि ती कोणी कोरविली, कोणाला दिली, हे दात्यांनी दगडातच लिहून ठेवले आहे. अक्षरे ब्राह्मी लिपीतली, भाषा प्राकृत. शेकडो वर्षे ती अक्षरे कोणालाच वाचता येत नव्हती. मोठमोठे खांब आणि खोल्या पाहून लोकांनी म्हटले, एवढे काम पांडवांवाचून कोण करणार? आणि नाव पडले. पुढे १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला आणि मुके दगड बोलू लागले.

येथील १९ व्या लेण्यातील लेख मुलांना मुद्दाम दाखवावा. सातवाहन कुळातील कृष्ण राजाच्या वेळी नाशिकच्या एका श्रमण नावाच्या अधिकाऱ्याने हे लेणे करविले, असे तो सांगतो. म्हणजे आपल्या गावाचे ‘नासिक’ हे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडात आहे. नाव कशावरून पडले याच्या दोन-तीन कथा नाशकात सांगतात. कोणी शूर्पणखेच्या नाकाची सांगतो, कोणी नऊ शिखरांची. त्या कथा म्हणून सांगाव्यात, मुले आवडीने ऐकतात. पण कथा आणि पुरावा यांतला भेदही सांगावा. कथा ऐकावयाची असते. पुराव्याला बोट लावता येते.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा लेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी आणि नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. हे राजे आपल्या नावाआधी आईचे नाव लावीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे आईचे नाव लावावे असा नियम महाराष्ट्र शासनाने केला, तेव्हा पुष्कळांना ती अगदी नवी गोष्ट वाटली. नाशिकच्या डोंगराला मात्र ती जुनीच!

दगडावरचे व्याजाचे गणित

पण सर्वांत मौज आहे ती दहाव्या लेण्यात. क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तेथे एक दानलेख कोरविला आहे. वरवर पाहता कंटाळवाणा हिशेब. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसले, तर तो चांगला सहावी-सातवीचा व्याजाचा पाठ आहे.

उषवदाताने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण ठेव म्हणून दिले. ठेव कोणाकडे? त्या काळी आजच्यासारख्या बँका नव्हत्या. गोवर्धन येथील विणकरांचे संघ पैसे ठेवून घेत. एका संघाकडे २००० ठेवले, शेकडा एक या दराने. दुसऱ्याकडे १०००, शेकडा पाऊण या दराने. मुद्दल कधीच परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरावयाचे. २००० च्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे.

आता मुलांना विचारावे, हा शेकडा एक दर वर्षाचा की महिन्याचा? लेखात ते लिहिलेले नाही. मग कळणार कशावरून? गणितावरून! दर वर्षाचा धरला, तर २००० वर वर्षाला मिळणार २० कार्षापण. म्हणजे वीस भिक्षूंना प्रत्येकी एक. हिशेब जमत नाही. दर महिन्याचा धरला, तर महिन्याला २०, वर्षाला २४०; आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजे बरोबर २४०. एक कार्षापण कमी नाही की जास्त नाही. आमच्या नातीने हा गुणाकार दोनदा करून पाहिला आणि जणू तिनेच लेख कोरला अशा थाटात ती लेण्याबाहेर आली.

त्याच लेखात आणखी एक हिशेब आहे. सत्तर हजार कार्षापणांचे एक दान सांगितले आहे, आणि पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने ते दोन हजार सुवर्ण होतात असे म्हटले आहे. ७०,००० भागिले ३५. करून पाहा, बाकी शून्य येते.

आणि ‘पाऊण’ हा शब्द? मूळ लेखात तो ‘पायून’ असा आहे. पाव उणा तो पाऊण. आपल्या स्वयंपाकघरातली पाऊण वाटी साखर आणि घड्याळातला पाऊण वाजणे, यांतला तो शब्द सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या विणकरांच्या हिशेबात बसलेला होता. भाषा किती जुनी असते हे मुलांना व्याख्यान देऊन सांगण्यापेक्षा हा एक शब्द पुरे.

एका नाण्यावर दोन राजे

हा नहपान पुढे गौतमीपुत्राकडून हरला, असे इतिहासाच्या पुस्तकात असते. कशावरून?

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी. ती सारी मुळात नहपानाची. परंतु त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. पराभूत राजाची नाणी वितळविण्याची तसदी कोण घेतो? त्यांच्याच अंगावर आपला शिक्का मारला, की चलन चालू! खालून डोकावणारा नहपानाचा चेहरा आणि वर गौतमीपुत्राची चिन्हे. लढाई कोणी जिंकली हे सांगावयास याहून चांगला साक्षीदार कोणता मिळणार? नाण्यांची भाषा शिकविणारी एक संशोधनसंस्था १९८० पासून त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी येथे आहे.

नाण्यांवरून नोटांकडे यावे. नाशिक रोडला सरकारी छापखाने आहेत. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ मध्ये उभा राहिला. त्यापूर्वी आपली टपाल तिकिटे लंडनहून छापून येत. १९२८ पासून येथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या. छापखान्यात आपल्याला कोणी जाऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण खिशातली नोट तर आपल्या हाती आहे. ती मुलांपुढे ठेवावी. नोट खिशात राहून धुलाईत गेली तरी वहीच्या पानासारखी तिची लापशी होत नाही. का? तो कागद लाकडाच्या लगद्याचा नसून कापसाचा असतो. मागच्या बाजूला पट्टीत पंधरा भाषा आहेत. त्यांतली मराठी कितवी? आठवी. मग आठवीच का? त्या भाषा त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. कोकणी म्हणून आधी येते आणि तामीळ नंतर. मुलांना हे कोडे म्हणून घालावे. उत्तर त्यांनी स्वतः शोधले, तर ते त्यांच्या जन्मभर लक्षात राहील.

वाटाणा उगवताना पाहणारा माणूस

पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. फाळके मूळचे आपल्या त्र्यंबकेश्वरचे. जन्म ३० एप्रिल १८७०. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट १९१३ साली आला, हे बहुतेक मुलांना ठाऊक असते. त्याच्या आधीची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. भांडवल देणाऱ्यांना आपल्या कलेची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला, आणि रोज नेमाने त्याचे थोडे थोडे चित्रण केले. मग ते सारे एकापाठोपाठ पडद्यावर दाखविले. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत! बी फुटले, कोंब वर आला, वेल डोलू लागला. मंत्राने झाड उगवावे तसे पाहणाऱ्यांना वाटले. पण त्यात मंत्र नव्हता, चिकाटी होती.

यात दोन शास्त्रे आहेत. मूकपटाच्या काळी पडद्यावरून सेकंदाला सोळाच्या आसपास चित्रे सरकत. इतक्या वेगाने येणारी चित्रे डोळ्यांना सुटी दिसत नाहीत, ती जोडून चालती दिसतात. हे झाले चित्रपटाचे शास्त्र. दुसरे वनस्पतीचे. झाड हलत नाही असे आपण म्हणतो. वास्तविक ते इतके सावकाश हलते की आपल्याला तेवढा धीर नसतो. आज घरोघरी मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका वाटीत मटकी ठेवून, मोबाइल एकाच जागी धरून, दर दोन तासांनी एक छायाचित्र घ्यावे. ती भराभर पुढे सरकविली, की फाळक्यांचा प्रयोग घरी झाला. खर्च मूठभर मटकीचा. आणि तिची उसळही करता येते.

काळा दगड आणि बंद दार

नाशकातले काळाराम मंदिर ज्या काळ्या दगडाचे आहे, तो दगड कोठून आला? ‘डोंगरातून’ हे उत्तर मुलांना पुरत नाही. डोंगरात कोठून आला?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी येथे जमिनीच्या भेगांतून तापलेला शिलारस बाहेर येऊन पसरत गेला. एक थर निवाला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. निवून त्याचा काळा खडक झाला, तो बेसॉल्ट. कशावरून? सह्याद्रीचे डोंगर लांबून पाहा. माथा सपाट आणि अंगावर जिन्यासारख्या पायऱ्या. एकेक पायरी म्हणजे शिलारसाचा एकेक थर. शिलारसात वायूचे बुडबुडे होते. रस निवल्यावर त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्यांत पाण्यातल्या क्षारांचे स्फटिक धरले. सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचे संग्रहालय आहे, तेथे असे सुंदर स्फटिक पाहावयास मिळतात. बाहेरून ओबडधोबड धोंडा आणि आत पांढरे, हिरवट, गुलाबी लखलखणारे घर!

परंतु काळाराम मंदिरापाशी उभे राहून फक्त दगडाविषयी बोलणे पुरेसे नाही. तेथे मुलांना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंद होते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. नाशिकचे दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. हजारो स्त्रीपुरुष आले, उन्हात उभे राहिले, त्यांनी मार खाल्ला. आणि लढा पुढे काही वर्षे चालला. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे बाबासाहेबांनी जाहीर केले, की आपण हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

नातीने विचारले, “त्यांना आत का येऊ देत नव्हते?”

“ते खालच्या जातीचे, असे लोक म्हणत.”

“पण कशावरून?”

या प्रश्नाला त्या काळच्या दार अडविणाऱ्यांजवळ उत्तर नव्हते. शिलालेख नव्हता, गणित नव्हते, नाणे नव्हते. ‘पूर्वीपासून चालत आले आहे’ एवढेच होते. मुलाला माहितीपेक्षा हा प्रश्न विचारण्याची सवय अधिक का लागावी, याचे याहून मोठे कारण मला सांगता येणार नाही.

दोन थेंब आणि एक डोंगर

आता भूगोल. गोदावरी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून अरबी समुद्र सरळ रेषेत अवघा ८० किलोमीटर आहे. पण ही बाई जवळच्या समुद्राकडे पाठ करते आणि सुमारे १४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का बरे? समुद्र किती दूर आहे हे पाण्याला माहीत नसते. उतार कोणीकडे आहे एवढेच त्याला कळते. सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेला एकदम कडा आहे आणि पूर्वेला सावकाश उतार. गोदावरी माथ्याच्या पूर्वेला उगवली, म्हणून पूर्वेला गेली. उगमाची उंची सुमारे १०६७ मीटर. ती १४६५ किलोमीटरवर वाटली, तर किलोमीटरमागे पाऊण मीटरही उतार येत नाही. पुन्हा आपला पाऊण!

त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत वैतरणा उगम पावते. ती मात्र पश्चिमेला वाहते. तिच्यावरच्या धरणांचे पाणी मुंबईला जाते. तेव्हा मुंबईच्या वाचकांनी आपल्या मुलांना सांगावे, की आपल्या नळाचे पाणी आणि गोदावरीचे पाणी ही शेजारच्या घरांतली भावंडे आहेत. पावसाचा एक थेंब डोंगराच्या या अंगाला पडला तर मुंबईच्या माठात, चार पावले त्या अंगाला पडला तर राजमहेंद्रीच्या पुलाखाली.

हाच डोंगर पाऊसही वाटून देतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून नाशिक जेमतेम ४५ किलोमीटर, आणि पाऊस सातशेच्या आसपास. समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते, वर गेल्यावर थंड होते, आणि पाण्याचा भार घाटमाथ्यावरच उतरविते. पलीकडे उतरते ती हलकी होऊन. याला पर्जन्यछाया म्हणतात. ऐन पावसाळ्यात मुंबईहून नाशिकला गाडीने या. कसाऱ्याला काचेवर पाण्याच्या धारा आणि नाशकात रस्ते कोरडे, असे केव्हा केव्हा एकाच प्रवासात दिसते.

नाशिकची द्राक्षे याच कोरड्या हवेवर पोसतात. दिवाळीच्या सुमारास बागांत छाटणी झालेली असते आणि चारएक महिन्यांनी घड तयार होतात. नेमक्या या काळात अवेळी पाऊस आला, तर वेलीवर रोग पडतो, तयार मणी तडकतात आणि शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी फिरते. आपल्या ताटातल्या फळामागे हवामानाचा केवढा धडा आहे, हे मुलांना कळले, तर ती फळे टाकून देणार नाहीत.

गुरूचे घड्याळ

सिंहस्थ दर बारा वर्षांनी का येतो? कारण तेव्हा गुरू हा ग्रह सिंह राशीत असतो. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, म्हणून बारा राशींची फेरी बारा वर्षांची. नाशिकचा सिंहस्थ २००३ साली झाला, मग २०१५ साली. २०२७ हे त्याच क्रमातले वर्ष.

पण गुरूची सूर्याभोवतीची फेरी नेमकी बारा वर्षांची नाही, ती ११.८६ वर्षांची आहे. म्हणजे दर फेरीला सुमारे ५१ दिवस वाचतात. सात फेऱ्यांत किती? जवळजवळ एक वर्ष! म्हणून केव्हा तरी कुंभमेळा बाराऐवजी अकरा वर्षांनी भरतो. हरिद्वारला २०१० नंतर २०२१ सालीच कुंभ आला, त्याचे कारण हेच. घड्याळ आकाशात आहे; पंचांग त्याच्याशी आपली वेळ जुळवून घेते.

गुरू हा ग्रह आहे, तारा नाही; कशावरून? गच्चीवर जावे. तारा लुकलुकतो, गुरू शांत तेवतो. काही आठवडे पाहत राहिले, तर शेजारच्या ताऱ्यांच्या मानाने त्याची जागा बदललेली दिसते. साधी दुर्बीण स्थिर धरली, तर त्याचे चार चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. १६१० साली गॅलिलिओने ते पाहिले, आणि सगळे काही पृथ्वीभोवतीच फिरते या समजुतीला तडा गेला. त्यानेही दुसरे काय केले? ‘कशावरून?’ म्हटले आणि डोळा लावला.

पाहुणे आणि कांदा

दिवाळीनंतर घरचे पाहुणे परततात आणि नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे येऊ लागतात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी बंधारा आहे. त्यामागच्या उथळ, गाळाच्या पाण्यावर हिवाळ्यात हजारो पक्षी उतरतात. २०२० साली या जागेला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला; महाराष्ट्रातली ती पहिलीच. लडाख-तिबेटकडून येणारा केशरी अंगाचा चक्रवाक येथे दिसतो. तो तिकडूनच आला हे कशावरून? पक्षी पकडून त्यांच्या पायात क्रमांकाचे हलके कडे घालतात आणि सोडून देतात. तोच क्रमांक दुसऱ्या देशात कोणाला आढळला, की वाट कळते. डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून हे काम मोठ्या प्रमाणावर केले.

आणि बाहेर जावयास सवडच नसेल, तर स्वयंपाकघर आहे. लासलगावचा एक कांदा घ्या आणि उभा चिरा. तळाशी जी लहानशी चकती दिसते ते त्याचे खोड. तिला खाली लोंबतात ती मुळे. आणि आपण खातो ते पापुद्रे म्हणजे जाड झालेली पाने. कांदा जमिनीत वाढतो म्हणून तो मूळ, हे बरोबर नाही. चिरताना डोळ्यांत पाणी येते, कारण कांद्याच्या पेशी कापल्या की त्यांतली द्रव्ये एकत्र होऊन एक झोंबणारा वायू सुटतो. खात्री करावयाची असेल, तर एक कांदा तासभर फ्रीजमध्ये ठेवा, एक बाहेर. आणि दोन्ही चिरून पाहा. गारव्याने वायू कमी सुटतो. प्रयोगाचे वेळी सूरी आईच्या हाती असावी, आणि रडण्याचे काम बाबांनी करावे.

तुमच्या गावचे काय?

हे सगळे नाशिकचे झाले. परंतु लेणी, नदी, जुने देऊळ, डोंगर, बाजार आणि आकाश यांतले निदान चार तरी कोणत्याही गावाजवळ असतेच. मुलांना सुट्टीत पुढे दिलेले प्रश्न द्यावेत आणि उत्तरे आधी सांगू नयेत.

आपल्या गावाचे नाव लिहिलेली सर्वांत जुनी वस्तू कोणती? आपल्या नळाला पाणी कोणत्या नदीचे येते आणि ती कोणत्या समुद्राला मिळते? घराच्या पायरीचा दगड कोणता? आजीच्या बोलण्यातला कोणता शब्द आता आपण बोलत नाही? आणि आपल्या गावात पूर्वी कोणाला कोठे येऊ देत नसत?

शेवटच्या प्रश्नाने मोठी माणसे जरा अवघडतील. अवघडू द्यावीत.

मूल “कशावरून?” म्हणून विचारते तेव्हा ते उद्धटपणा करीत नसते, आपल्या बोलण्याला ते हात लावून पाहत असते, भाजी घेताना आपण लावतो तसा. अशा वेळी “गप्प बस” म्हणणे सोपे, मोबाइल पुढे करणे त्याहून सोपे. “चल, पाहू या” म्हणावयास मात्र चपला घालाव्या लागतात. या सुट्टीत फराळ झाला, की एक दिवस तेवढ्यासाठी काढावा.